राउटरला टायमिंग आणि सिंक केबल जोडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान टॉवर साइटवर, एक्स्चेंजमध्ये किंवा डेटा सेंटरमध्ये राउटर बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींसाठी आहे. डेटाची केबल चुकली तर लिंक येत नाही आणि पाच मिनिटांत कळतं. टायमिंगची केबल चुकली तर लिंक येते, ट्रॅफिक चालतं, साइट ‘अप’ दिसते. तक्रार मात्र आठवड्याने येते आणि तीही बऱ्याचदा शेजारच्या टॉवरकडून. म्हणून या केबलींबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं. इथली माहिती मुख्यतः सेल-साइट आणि अ‍ॅग्रिगेशन राउटर डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. पिन आणि कमांड मात्र आपल्या मॉडेलच्या इन्स्टॉलेशन गाइडशी ताडून घ्या.

राउटरचं काम पॅकेट पोहोचवणं. त्याला इतकी काटेकोर वेळ कशाला?

राउटरच्या पलीकडे फक्त ऑफिसचे संगणक असतील तर खरंच लागत नाही. लॉगमधली वेळ बरोबर यावी एवढ्यापुरता एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची साधी पद्धत, पुरतो. पण पलीकडे मोबाइलचं बेस स्टेशन असेल तर राउटरला पॅकेटबरोबर घड्याळही पोहोचवावं लागतं.

बेस स्टेशनला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. पहिली फ्रिक्वेन्सी, म्हणजे ठोक्यांचा वेग. मोठ्या बेस स्टेशनचा हवेतला कॅरियर ५० पीपीबीच्या (अब्जातल्या ५० भागांच्या) आत राहावा लागतो. दुसरी फेज, म्हणजे ठोका नेमका कोणत्या क्षणी पडतो ते. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिचा मोठा भार ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यावर आहे. हा पट्टा टीडीडी पद्धतीने चालतो. ४जीचा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टाही तसाच. टीडीडीत एकाच फ्रिक्वेन्सीवर आधी टॉवर बोलतो, मग मोबाइल बोलतो. सगळे टॉवर एकाच क्षणी बोलून एकाच क्षणी गप्प झाले तरच हे जमतं. त्यासाठी प्रत्येक साइटची वेळ मूळ संदर्भापासून १.५ मायक्रोसेकंदाच्या आत हवी.

एका साइटची वेळ सरकली की तिचं प्रसारण शेजारच्या टॉवरच्या ऐकण्याच्या वेळेत घुसतं. चुकलेल्या साइटचे ग्राफ बरेचसे ठीक दिसतात, मार खातात शेजारी. टायमिंगचा दोष शोधताना माणसं चुकीच्या साइटवर चढतात ती यामुळे.

माझ्या राउटरवर बिट्स, १० मेगाहर्ट्झ, १ पीपीएस, टीओडी आणि जीएनएसएस असे पोर्ट दिसतात. कशात काय येतं?

बिट्स पोर्टमध्ये एक्स्चेंजच्या सामायिक घड्याळाचा सिग्नल येतो. आपल्याकडे तो ई-वनच्या, म्हणजे २.०४८ मेगाबिटच्या रूपात असतो. अमेरिकेत त्याजागी १.५४४ मेगाबिटचा टी-वन असतो. याच्यातून फक्त फ्रिक्वेन्सी मिळते.

१० मेगाहर्ट्झच्या पोर्टमध्येही फक्त फ्रिक्वेन्सीच येते. १ पीपीएसवर दर सेकंदाला एक पल्स येतो आणि त्याची चढती कड म्हणजे सेकंदाची सुरुवात. तो सेकंद कोणता, आज तारीख कोणती, हे त्या पल्सला माहीत नसतं. ते टीओडी सांगतो. हा एक सीरियल संदेश असतो आणि बहुतेक राउटरवर आरजे-४५ जॅकमधून येतो. जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांची यंत्रणा, तिच्या पोर्टला थेट गच्चीवरच्या अँटेनाची केबल लागते. तिथे रिसीव्हर राउटरच्या आतच असतो आणि बाकीचे सिग्नल तो स्वतः तयार करतो.

मग बाहेरच्या जीपीएस घड्याळाकडून तिन्ही केबली, १० मेगाहर्ट्झ, १ पीपीएस आणि टीओडी, आणायलाच हव्यात का?

राउटर ग्रँडमास्टर म्हणून चालवायचा असेल, म्हणजे पुढच्या साइटना पीटीपीने (पॅकेटमधून अचूक वेळ पोहोचवण्याच्या पद्धतीने) वेळ वाटायची असेल, तर हो. फक्त फ्रिक्वेन्सी हवी असेल तर १० मेगाहर्ट्झ किंवा बिट्स यांपैकी एक पुरे.

तिन्ही केबली एकाच घड्याळातून आल्या पाहिजेत. १० मेगाहर्ट्झ एका यंत्रातून आणि १ पीपीएस दुसऱ्या यंत्रातून घेतला, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर असूनही राउटरला ते एकमेकांपासून सरकताना दिसतात आणि फेजचं लॉक टिकत नाही.

कोणत्या पोर्टला कोणती केबल? को-अ‍ॅक्स सगळी सारखीच दिसते.

दिसते, पण असत नाही. १० मेगाहर्ट्झ, १ पीपीएस आणि जीएनएसएस अँटेना यांना ५० ओहमची केबल लागते. टीव्हीची किंवा सीसीटीव्हीची केबल ७५ ओहमची असते. ती लावली तरी सिग्नल जातो, पण जोडावर परावर्तन होतं. १ पीपीएसची कड त्यामुळे बिघडते, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी कडच.

ई-वन बिट्स दोन प्रकारे मिळतो. एक १२० ओहमच्या पिळाच्या जोडीवर, आरजे-४८ जॅकसाठी. दुसरा ७५ ओहमच्या को-अ‍ॅक्सवर, जुन्या डीडीएफवर (केबली जोडण्याच्या फ्रेमवर) असतो तसा. एक्स्चेंजकडून ७५ ओहमचा को-अ‍ॅक्स आला आणि राउटरला १२० ओहमचा जॅक असला तर मध्ये बॅलन (दोन प्रकारच्या केबली जुळवणारा जोड) लावा. दोन तारा सोलून थेट क्रिम्प करू नका.

कनेक्टरची नावं मागवण्याआधी पाहून घ्या. काही राउटरवर एसएमए असतं, काहींवर छोटं १.०/२.३ मिनी को-अ‍ॅक्स. घड्याळाच्या बाजूला मात्र बहुतेक वेळा बीएनसी असतं. साइटवर गेल्यावर अ‍ॅडॉप्टर शोधण्यापेक्षा दोन्ही टोकांचे फोटो मागवून कारखान्यात तयार झालेली केबल नेलेली बरी.

बिट्सचा जॅक आरजे-४५ सारखाच आहे. साधी इथरनेट पॅच कॉर्ड चालेल?

प्लग बसेल, पण भरवसा ठेवू नका. बिट्समध्ये सहसा १ आणि २ या पिनांवर सिग्नल आत येतो, ४ आणि ५ वर बाहेर जातो. इथरनेटच्या कॉर्डमध्ये ४ व ५ ची जोडी आणि १ व २ ची जोडी सरळ जातात. त्यामुळे समोर डीडीएफवर जोड्या त्याच क्रमाने आल्या असतील तर ती चालूनही जाते. पण दोन यंत्रं थेट जोडायची असतील तर एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या पाठवण्यावर येतं आणि अलार्म पडतो. तिथे १-२ आणि ४-५ यांची अदलाबदल केलेली क्रॉस केबल लागते. शिवाय शील्ड असलेली केबल घ्या आणि शील्ड कोणत्या टोकाला अर्थ करायचं ते गाइडमध्ये पाहा.

याहून मोठा धोका उलट बाजूचा आहे. बिट्स, टीओडी, कन्सोल आणि मॅनेजमेंट हे चारही जॅक एकसारखे, एका ओळीत. घाईत पीओईवाल्या, म्हणजे कॉर्डमधूनच वीज देणाऱ्या, स्विचची कॉर्ड बिट्समध्ये खोचू नका. लेबल वाचूनच प्लग आत घाला.

बिट्सला सिग्नल येतोय, तरी राउटर तो घेत नाही. का?

अशा वेळी केबलच्या आधी सेटिंग पाहा. दुसऱ्या देशातल्या साच्यातून कॉन्फिगरेशन उचललेलं असेल तर पोर्ट टी-वनवर असू शकतो. तसं नसेल तर लाइन कोड पाहा, ई-वनला एचडीबी-३ लागतो. त्यानंतर सीआरसी-४ पाहा. घड्याळाची प्रत सांगणारा एसएसएम संदेश ई-वनच्या सीआरसी-४ मल्टिफ्रेममधल्या एसए बिटांवरून येतो. एका टोकाला सीआरसी-४ चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद असेल तर प्रत वाचता येत नाही.

समोरून निव्वळ २.०४८ मेगाहर्ट्झचा क्लॉक येत असेल तर त्यात फ्रेमच नसते, म्हणून एसएसएमही नसतो. अशा वेळी त्या इनपुटची प्रत राउटरमध्ये हाताने भरावी लागते. ती भरली नाही तर राउटर त्या सिग्नलला हलक्या प्रतीचा समजून बाजूला ठेवतो.

जीएनएसएस अँटेना कुठे बसवायचा?

जिथून आभाळ जास्तीत जास्त दिसतं तिथे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटून, जिन्याच्या छपराच्या आडोशाला किंवा मोबाइलच्या अँटेनासमोर लावू नका. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या आसपास असतो, म्हणजे अगदी क्षीण. भिंतीवरून परावर्तित होऊन आलेला सिग्नल तर याहून त्रासदायक, कारण तो उशिरा येतो आणि रिसीव्हर त्यालाही खरा मानतो.

विजेच्या दृष्टीने अँटेना तडितरोधकाच्या संरक्षणाखाली हवा, म्हणजे त्याच्या टोकापेक्षा बराच खाली आणि ४५ अंशांच्या छायेत. टॉवरच्या शेंड्यावर चढवायची गरज नसते. शेल्टरच्या छतावर एक-दोन मीटरचा पाइप लावून आभाळ मोकळं मिळत असेल तर तीच जागा उत्तम. केबलही तोकडी लागते.

अँटेनाची केबल किती लांब चालते?

हे मीटरवर ठरत नाही, डेसिबलवर ठरतं. अँटेनात अँप्लिफायर असतो. केबलमध्ये होणारी घट वजा करून उरलेली पातळी राउटरच्या मर्यादेत बसली पाहिजे. गाइडमध्ये किमान आणि कमाल दोन्ही दिलेले असतात. लांबीची जास्तीत जास्त मर्यादा सगळे पाहतात. पण फार तोकडी केबल आणि जोरदार अँटेना असेल तर इनपुट ओव्हरलोड होतो, हेही ध्यानात ठेवा.

एलएमआर-४०० केबलमध्ये जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर १०० मीटरला साधारण १७ डेसिबल घट होते. ३० मीटरला ५ डेसिबलच्या आसपास. त्याजागी बारीक आरजी-५८ लावली तर घट तिपटीहून जास्त. वळवायला सोपी म्हणून बारीक केबल उचलणाऱ्यांनी हा हिशेब आधी कागदावर करावा.

केबलचा विलंब भरायचा म्हणजे नेमकं काय? न भरून काय बिघडतं?

सगळ्या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे, आणि साइटवर सर्वांत जास्त वेळा सोडून दिलं जाणारं कामही हेच.

सिग्नलला केबलमधून जायला वेळ लागतो. एलएमआर-४०० मध्ये वेग प्रकाशाच्या ८५ टक्के, म्हणजे मीटरला सुमारे ३.९ नॅनोसेकंद. आरजी-५८ मध्ये ६६ टक्के, म्हणजे मीटरला ५ नॅनोसेकंद. समजा गच्चीवरून रॅकपर्यंत ६० मीटर एलएमआर-४०० आली आहे. तिचा विलंब झाला २३५ नॅनोसेकंद. रिसीव्हरला वाटतं अँटेना आपल्याच पोटात आहे, म्हणून त्याचा प्रत्येक सेकंद २३५ नॅनोसेकंद उशिरा सुरू होतो. कायम, रोज, कोणताही अलार्म न देता.

आता हे १.५ मायक्रोसेकंदाच्या शेजारी ठेवा. साइटला मिळालेल्या सवलतीचा सहावा हिस्सा केबलनेच खाल्ला. त्यातही ही सवलत शेवटच्या बेस स्टेशनपर्यंतची असते. मूळ संदर्भाचं घड्याळ, ज्याला आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या जी.८२७२ मानकात पीआरटीसी म्हणतात, ते १०० नॅनोसेकंदांच्या आत असावं लागतं. म्हणजे विलंब न भरलेला हा राउटर पहिल्याच पायरीवर दुपटीहून जास्त चुकला.

करायचं एवढंच. केबल ओढण्याआधी तिची लांबी मोजा किंवा जॅकेटवर छापलेले मीटरचे आकडे दोन्ही टोकांना वाचून वजाबाकी करा. केबलच्या डेटाशीटमधून मीटरमागचा विलंब घ्या. गुणाकार करा. सर्ज अरेस्टर (विजेची लाट अडवणारा जोड), स्प्लिटर किंवा मधला अँप्लिफायर असेल तर त्यांच्या डेटाशीटमधला विलंबही मिळवा. बेरीज राउटरच्या केबल-डिले सेटिंगमध्ये भरा. चिन्हाकडे लक्ष असू द्या, काही यंत्रं धन आकडा मागतात तर काही ऋण. खात्री करायची सोपी रीत म्हणजे आकडा भरल्यावर १ पीपीएस आधीपेक्षा लवकर यायला हवा. टेस्ट सेटवर तो आणखी उशिरा दिसला तर चिन्ह उलटं पडलं आहे.

हाच नियम बाहेरच्या घड्याळाकडून येणाऱ्या १ पीपीएसच्या को-अ‍ॅक्सला लागू आहे. एकाच रॅकमधली दोन मीटरची केबल असेल तर १० नॅनोसेकंद होतात. तेही भरा, कारण पुढच्या साखळीतली बाऊंडरी क्लॉक, म्हणजे वेळ घेऊन पुढे देणारी घड्याळं, काही नॅनोसेकंदांसाठी झगडत असतात.

पावसाळ्यात जीपीएस जातो-येतो. ढगांमुळे का?

ढग आणि पाऊस यांचा या फ्रिक्वेन्सीवर नगण्य परिणाम होतो. दोष जवळजवळ नेहमी कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा असतो. कोकणातल्या एका साइटवर ऊन पडलं की दुपारी उपग्रह परत यायचे आणि रात्री पुन्हा गळायचे. अँटेनाखालचा कनेक्टर उघडला तेव्हा मधली पिन हिरवी पडलेली होती आणि वेणीच्या तारांत पाणी चढलेलं होतं. कनेक्टर बदलून भागलं नाही, वरची काही मीटर केबलही कापून टाकावी लागली.

बाहेरच्या प्रत्येक जोडावर आधी स्वतःशी एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर उन्हात टिकणारी काळी टेप. गुंडाळायला खालून सुरुवात करून वर जा, म्हणजे वरचा पदर कौलांसारखा खालच्या पदरावर येतो आणि पाणी निथळून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदराच्या फटीत पाणी थांबतं. केबल शेल्टरच्या भोकात शिरण्याआधी तिला खाली झुकणारा एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं आणि भिंतीच्या आत येत नाही. हे काम मे महिन्यातच उरकलेलं बरं. भर पावसात ओल्या कनेक्टरवर टेप लावली तर पाणी आतच कोंडलं जातं.

सर्ज अरेस्टर लावला आणि जीपीएस बंद पडला. अरेस्टर खराब आहे का?

बहुधा चुकीच्या प्रकारचा आहे. अँटेनातल्या अँप्लिफायरला वीज त्याच को-अ‍ॅक्समधून जाते, सहसा ३.३ किंवा ५ व्होल्ट डीसी. डीसी अडवणारा अरेस्टर लावला की अँटेना उपाशी राहतो. डीसी जाऊ देणारा, जीपीएसच्या बँडसाठीचाच अरेस्टर घ्या. पडताळायला केबल अँटेनाच्या टोकाला सोडवा आणि मल्टिमीटरने मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात व्होल्टेज मोजा. मोजताना प्रोबने दोन्ही शॉर्ट होणार नाहीत याची काळजी घ्या.

अरेस्टर केबल शेल्टरमध्ये शिरते तिथेच बसवा आणि त्याची अर्थिंगची तार आखूड आणि सरळ ठेवा. वेटोळं केलेली लांब तार विजेच्या वेगवान लाटेला अडवते आणि लाट राउटरकडे वळते. विदर्भ-मराठवाड्यात मान्सूनपूर्व विजा किती पडतात हे तिथे काम केलेल्यांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. बिट्स, १० मेगाहर्ट्झ, १ पीपीएस आणि टीओडी हे पोर्ट सहसा इमारतीच्या आतल्या वायरिंगपुरतेच बनवलेले असतात. या केबली एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेऊ नका. तिथे फायबरवरून पीटीपी आणि सिंक-ई (इथरनेटच्या सिग्नलमधूनच फ्रिक्वेन्सी नेणारी पद्धत) न्या.

एका अँटेनावरून दोन राउटर चालवता येतील?

जीपीएससाठीचा स्प्लिटर वापरून, हो. त्याच्या एकाच तोंडातून डीसी अँटेनाकडे जातो आणि बाकी तोंडं अडवलेली असतात. अडवलेल्या तोंडावर खोटा भार असलेला स्प्लिटर घ्या, म्हणजे दुसऱ्या राउटरला अँटेना ‘तुटलेला’ वाटणार नाही. ज्या राउटरमधून डीसी जातो तो बंद केला की दुसऱ्याचाही जीपीएस जातो. तो कोणता हे लेबलवर लिहून ठेवा.

साध्या बीएनसी टी-ने १ पीपीएस किंवा १० मेगाहर्ट्झ फोडू नका. ५० ओहमची जुळणी मोडते. घड्याळावरच दुसरा आउटपुट असतो, किंवा डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर मिळतो. दोन प्रोसेसर कार्डांच्या राउटरमध्ये बिट्स दोन्ही कार्डांना देण्यासाठी काही मॉडेलना उत्पादकाचीच वाय-केबल लागते. तिच्याऐवजी घरगुती जुगाड करू नका.

एसएमए कनेक्टर किती घट्ट करायचा?

पितळी एसएमएला साधारण ०.५ ते ०.६ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो. ८ मिमीचा टॉर्क पाना मिळतो, तो किटमध्ये ठेवावा. पक्कड नको. जोडण्याआधी मधली पिन सरळ आहे का ते उजेडात पाहा. केबल आणि कनेक्टरचं अंग एका हाताने स्थिर धरा आणि फक्त नट फिरवा. अंगच फिरलं तर राउटरच्या जॅकमधली मधली पिन घासली जाते. ती झिजली तर अख्खं कार्ड बदलावं लागतं.

पुढच्या पॅनलवर केबल बांधताना ती फॅन-ट्रेच्या आड येत नाही ना ते पाहा. थोडा ढिला झोळ ठेवा, म्हणजे फॅन बदलताना टायमिंगची केबल काढावी लागणार नाही.

केबल जोडली, हिरवा दिवा लागला. काम झालं?

नाही. हिरवा दिवा बऱ्याच मॉडेलवर ‘सिग्नल येतोय’ एवढंच सांगतो. साइट सोडण्याआधी चार गोष्टी पाहा. इनपुटवर अलार्म नाही. त्याची प्रत अपेक्षेप्रमाणे आहे, म्हणजे पीआरसी (सर्वोच्च प्रत) असायला हवी तिथे पीआरसीच दिसते. राउटरने तोच इनपुट निवडला आहे, दुसऱ्या पोर्टचा सिंक-ई नाही. आणि घड्याळाची अवस्था ‘लॉक्ड’ आहे, ‘फ्री-रन’ (संदर्भाविना) किंवा ‘होल्डओव्हर’ (संदर्भ गेल्यावर आठवणीवर) नाही.

शेवटच्या अवस्थेला वेळ लागतो. जीएनएसएस रिसीव्हर आधी आपली जागा सरासरीने पक्की करतो आणि त्यानंतरच फेज स्थिरावते. म्हणून अँटेनाचं काम सकाळी आधी करा आणि रॅकमधलं बाकीचं काम नंतर. निघायच्या वेळी केबल जोडून पळणारा माणूस लॉक झालेला कधीच पाहत नाही. उपग्रहांचा सिग्नल-नॉइज आकडाही पाहा. बरेच उपग्रह ४० डीबी-हर्ट्झच्या पुढे असतील तर चांगलं. सगळेच ३० च्या आसपास रेंगाळत असतील तर केबलमध्ये किंवा जोडात घट आहे.

टायमिंग लूप म्हणजे काय आणि तो केबलमुळे कसा होतो?

राउटर ‘अ’ आपलं घड्याळ ‘ब’ला देतो आणि ‘ब’ तेच फिरवून परत ‘अ’ला देतो. मूळ स्रोत गेला की दोघंही एकमेकांकडे पाहून चालत राहतात, लॉक्ड दाखवतात आणि हळूहळू भरकटतात. सिंक-ईमध्ये हे टाळायला राउटर ज्या पोर्टवरून घड्याळ घेतो त्याच पोर्टवरून ‘डीएनयू’, म्हणजे ‘हे वापरू नका’ असा संदेश परत पाठवतो. बिट्सच्या केबलीने मात्र हा बचाव फसू शकतो. राउटरचा बिट्स आउटपुट एक्स्चेंजच्या एसएसयूला (घड्याळ शुद्ध करणाऱ्या यंत्राला) दिला, एसएसयूचा आउटपुट परत त्याच राउटरच्या इनपुटला आणला आणि एसएसएम बंद ठेवला, की लूप तयार. अशी जोडणी मुद्दाम करतातही, एसएसयूने घड्याळ शुद्ध करून द्यावं म्हणून. पण तेव्हा आउटपुट फक्त लाइनकडून आलेल्या घड्याळातूनच निघाला पाहिजे, राउटरच्या आतल्या घड्याळातून नाही. कोण कोणाकडून घेतो याचा बाण काढलेला नकाशा असल्याशिवाय बिट्स आउटपुटला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

राउटरची वेळ बरोबर १८ सेकंदांनी चुकते. केबलचा दोष?

केबल ठीक आहे. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. १ जानेवारी २०१७ पासून हा फरक तेवढाच आहे. बाहेरचं घड्याळ टीओडीमधून जीपीएसची वेळ पाठवत असेल आणि राउटर तिला यूटीसी समजत असेल तर हे होतं. ३७ सेकंदांचा फरक दिसला तर तिथे टीएआय (लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची वेळ) आणि यूटीसी यांची गल्लत आहे, कारण पीटीपी मुळात टीएआयवर चालतो. टीओडीचा फॉरमॅट आणि वेळेचा प्रकार दोन्ही टोकांना सारखा करा. १ पीपीएसची कड या गोंधळात हलत नाही, म्हणून फेजचा अलार्म येत नाही आणि चूक दडून राहते. साडेपाच तासांचा फरक असेल तर भारतीय वेळ टीओडीमध्येच भरलेली आहे. यंत्रांमध्ये यूटीसीच ठेवा आणि साडेपाच तास फक्त दाखवण्यापुरते मिळवा.

फायबरवरून पीटीपी आणि सिंक-ई घेतो. मग केबलची चिंता संपली ना?

थोडी कमी झाली. पीटीपी जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा आहे असं धरून चालतो. जाणारं फायबर येणाऱ्यापेक्षा २० मीटर लांब असेल, समजा एका बाजूला जास्तीचं पॅच कॉइल आलं, तर फायबरमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद धरून १०० नॅनोसेकंदांचा फरक पडतो आणि वेळ त्याच्या निम्म्याने, ५० नॅनोसेकंदांनी चुकते. फायबर कट दुरुस्त केल्यावर हे हमखास होतं. दुरुस्तीनंतर फेज पुन्हा मोजा. एकाच तंतूवर दोन्ही दिशा नेणारे बायडी मॉड्युल वापरले तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

तांब्याचं एसएफपी (पोर्टमध्ये खोचायचं) मॉड्युल टायमिंगच्या लिंकवर टाळा. बहुतेकांमधून सिंक-ई आणि अचूक पीटीपी मिळत नाही. राउटरचा स्वतःचा १ गिगाबिट तांब्याचा पोर्ट असेल तर त्यात एक टोक क्लॉक मास्टर आणि दुसरं स्लेव्ह ठरतं. घड्याळ घेणाऱ्या टोकाला स्लेव्ह करा, ऑटोवर सोडू नका.

अँटेना तुटला तर साइट किती वेळ टिकते?

आतल्या ऑसिलेटरवर अवलंबून आहे. हिशेब सोपा आहे. फ्रिक्वेन्सी १ पीपीबीने चुकली तर वेळ सेकंदाला १ नॅनोसेकंद सरकते आणि १.५ मायक्रोसेकंद २५ मिनिटांत संपतात. तीच चूक १०^११ मध्ये एक भाग, म्हणजे १ पीपीबीच्या शंभराव्या हिस्स्याइतकीच, राहिली तर अख्ख्या दिवसात ०.८६ मायक्रोसेकंदच सरकते. म्हणूनच जीएनएसएसबरोबर सिंक-ई किंवा बिट्स जोडून ठेवावा. उपग्रह गेले तरी फ्रिक्वेन्सी मूळ प्रतीची मिळत राहते आणि दुरुस्तीला हाताशी वेळ उरतो. त्या एका जास्तीच्या केबलचा खर्च इथे वसूल होतो.

नाविक घेता येईल का?

नाविक ही भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा. रिसीव्हर आणि अँटेना दोन्ही तिला चालणारे असतील तर घेता येईल. आधीचे नाविक उपग्रह एल-५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आणि एस बँडमध्ये प्रसारण करतात. टायमिंगचे बरेच जुने अँटेना फक्त एल-१ (जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा बँड) पकडतात, त्यांच्यावर हे सिग्नल येणार नाहीत. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकमध्ये एल-१ ची भर पडली. याच उपग्रहात भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. नवीन साइटला अँटेना आणि अरेस्टर घेतानाच दोन्ही बँडचे घेतले तर पुढे गच्चीवर पुन्हा चढावं लागणार नाही.

एवढं सगळं असताना एनटीपीही लावायचा?

हो. राउटरच्या लॉगची वेळ अनेक मॉडेलवर वेगळ्या घड्याळावर चालते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडता येणाऱ्या सर्व्हरशी, जुळवावी लागतात. हा एनटीपी बेस स्टेशनला फेज देण्यासाठी वापरू नका, त्याची अचूकता मिलिसेकंदांत मोजतात.

कार्ड बदलायचं आहे. केबली कोणत्या क्रमाने काढाव्या?

आधी एनओसीला (नेटवर्क नियंत्रण केंद्राला) कळवा आणि राउटरला दुसऱ्या स्रोतावर न्या. तो लॉक्ड झाल्याचं पाहा. मग टीओडी आणि १ पीपीएस काढा, त्यानंतर १० मेगाहर्ट्झ, शेवटी बिट्स. अँटेना काढण्याआधी त्याचा डीसी फीड सॉफ्टवेअरमधून बंद करा. उघड्या एसएमएवर टोपी लावा. जोडताना उलट क्रम. नव्या कार्डात केबल-डिलेचा आकडा आपोआप येतो असं गृहीत धरू नका. जीएनएसएसचं सेटिंग उघडून तो स्वतः वाचा. म्हणूनच हा आकडा, केबलची लांबी आणि प्रकार केबलच्या दोन्ही टोकांच्या लेबलवर आणि साइटच्या रजिस्टरमध्ये लिहिलेले असावेत, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा गच्चीपासून मोजत यावं लागणार नाही.